एक दिवस, तीन नावे

देगलूर तालुक्याची एक सीमा कर्नाटकाला भिडते, दुसरी तेलंगणाला. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख एकाच निजामी सत्तेखाली होता. त्या सत्तेच्या अंताचा दिवस १७ सप्टेंबर. महाराष्ट्रात तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ म्हणून साजरा होतो. सीमेपलीकडे कर्नाटकात ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ म्हणून. आणि केंद्र सरकारने २०२४ साली त्यास ‘हैदराबाद मुक्ती दिन’ असे नाव दिले. घटना एक, नावे तीन! सामान्य माणसाने यातले खरे कोणते मानायचे?

‘इति-ह-आस’ म्हणजे ‘असे खरोखर घडले’. या तीन अक्षरगटांतील मधला ‘ह’ फार मोलाचा आहे. त्यात खात्री आहे, आणि खात्री पुराव्यावाचून येत नाही. उत्सवाचे नाव शासन ठरवू शकते. काय घडले, ते मात्र कागद, शिलालेख आणि साक्षीदार यांनाच विचारावे लागते.

३० जानेवारी १९४८ या दिवशी दिल्लीत काय घडले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर छापा घालून निजामी राजवटीला हादरा दिला, हे जिल्ह्याबाहेर कितीजण सांगू शकतील? बिलोली तालुक्यातील अर्जापूरला १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांनी बलिदान केले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा तर लातूरचाच वकील. उर्वरित महाराष्ट्राने १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा फडकविला तेव्हा या भूमीत तो हाती धरणे गुन्हा होता आणि पुढचे तेरा महिने तसेच गेले. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे ‘प्रादेशिक’ वाटते. हैदराबादचे संस्थान भारताच्या मध्यभागी स्वतंत्र राहिले असते तर देशाचा नकाशा कसा दिसला असता, याचा विचार केल्यावर तरी तसे वाटू नये.

मात्र केवळ अभिमानाने हे काम भागत नाही. रझाकारांचे अत्याचार जसे नोंदले गेले पाहिजेत, तसेच पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवले, त्याचीही नोंद वाचली पाहिजे. केंद्राने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. ज्या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे तो सांगतो त्यांत नांदेडही आहे. सोयीचा तेवढा कागद वाचणारा वकील होऊ शकेल, इतिहासकार नव्हे.

याचा वस्तुपाठ या भागातच सापडतो. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामी प्रशासनात अधिकारी होते. मराठ्यांचा इतिहास समजायचा तर शत्रूपक्षाचे लेखनही वाचले पाहिजे, या निष्ठेने त्यांनी फार्सी साधने मराठीत आणली. मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठी वाचकाला खुली झाली ती त्यांच्यामुळे. शिवछत्रपतींचे मोठेपण त्या परक्या लेखणीतूनही लपत नाही, उलट अधिकच उजळून निघते.

देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर आहे. भाविक दर्शन घेतात, उत्सवाला गर्दी होते. त्या काळचे या भागातील अनेक लेख कन्नडमध्ये आहेत. जुने महसुली कागद उर्दूत, घरचे व्यवहार मोडीत. या तिन्ही वाटा आजच्या पदवीधराला बंद झाल्या आहेत. (इंग्रजीची वाट तेवढी रुंद झाली!) वि. का. राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ जमविण्यासाठी गावोगाव फिरले, कारण दप्तरे वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या तोंडी जात होती. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी देगलूर-उदगीरच्या जुन्या वाड्यांतील माळ्यावरची गाठोडी अद्याप त्याच प्रतीक्षेत आहेत.

आणि माणसे? १९४८ साली जो विशीत होता, तो आज नव्वदी ओलांडून गेला आहे. बहुतेक सारे गेलेच. रझाकारांच्या भीतीने ज्यांनी लहानपणी आईच्या कडेवर बसून रात्रीतून गाव सोडले, असे काही वृद्ध मात्र सीमेच्या तिन्ही बाजूंना अजून आहेत. कोणी मराठीत सांगेल, कोणी कन्नडमध्ये, कोणी तेलुगूत. वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जायला यंदाच्या १७ सप्टेंबरचीही वाट पाहण्याचे कारण नाही.