पळी तुमच्या हातात, कार्ड कुठाय?

भिंगारच्या पोरांनो, 2020 च्या टाळेबंदीत नगरला 'घर घर लंगर सेवे'नं उपाशी माणसापर्यंत जेवण पोचवलं. त्याला नावं ठेवील तो माणूस नव्हे. तुम्हीही पळी हातात घ्या. घ्याच.

पण थाळी देताना मोबाईल कशाला वर काढता? आपले आजे-पणजे येसकराच्या पाळीला दारोदार भाकर मागत हिंडायचे. वरून टाकलेला शिळा तुकडा घोंगडीत झेलायचे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी बजावलं, शिळंउष्टं मागणं सोडा. गावाचा रोष पत्करून लोकांनी ते सोडलं. आता त्यांच्याच नातवांनी दुसऱ्या कुणाला हात पसरायला लावून त्याचा फोटो फेसबुकावर टाकायचा? थू!

2013 चा अन्न सुरक्षा कायदा आहे. अंत्योदयाच्या घराला महिन्याला 35 किलो, प्राधान्य घरात माणशी 5 किलो धान्य. ही कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही. मग ज्या म्हातारीला खिचडी वाढता, तिचं कार्ड कुठाय? सुनेचं, नातवंडांचं नाव चढलंय का? झिजलेला अंगठा यंत्र घेत नाही म्हणून दुकानातून परत पाठवली का? हे विचारायला वेळ लागतो आणि फोटोत ते येत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

रविवारी वाढा. सोमवारी तिला घेऊन तहसिलातल्या पुरवठा शाखेत बसा, अर्जाची पोच मिळेपर्यंत उठू नका. धान्य मिळालं की पावती मागा. दुकानदार खवळला तर पुढच्या खेपेला दहा जण जा.