आभार कुणी कुणाचे मानायचे?

"तू नशीबवान गं, तुझा नवरा तुला नोकरी करू देतो." नोकरीला लागले तेव्हापासून हे वाक्य मी सासरी, माहेरी, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत ऐकत आले आहे. 'करू देतो' हे दोन शब्द नीट बघा. पहाटे चारला उठून डबे करणार मी, गाडी पकडणार मी, पगारातून घराचे हप्ते फेडणार मी, आणि उपकार मात्र त्याचे! माझा नवरा बरा माणूस आहे. भांडण त्याच्याशी नाही, या 'देतो'शी आहे. 'तू नशीबवान, तुझी बायको तुला नोकरी करू देते,' असं त्याला अजून कुणी म्हटलेलं नाही.

म्हणूनच आपल्यातल्या पुष्कळजणींना कृतज्ञता हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. जे मिळालं त्यात समाधान मान, दोन वेळचं मिळतंय ना, तो दारू तर पीत नाही ना, मारत तर नाही ना! न मारण्याबद्दलसुद्धा बाईने आभार मानायचे. हे सगळं खरं असूनही मला हा शब्द त्यांच्या हाती सोडून द्यायचा नाही. कारण माझं आयुष्य ज्यांच्या आधाराने उभं राहिलं त्यांचं ऋण सांगायला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

मी बावीस वर्षं जळगावहून अमळनेरला अपडाउन केलं. भुसावळ-सुरत मार्गावरची पॅसेंजर, बायकांचा डबा. पाळधी, धरणगाव अशी स्टेशनं मागे पडत आणि तेवढ्या वेळात आमची मेथी निवडून होई, तुरीच्या शेंगा सोलून होत, कुणाच्या बदलीचा अर्ज लिहून होई. मला सातवा महिना लागला तेव्हा रोज कुणीतरी जागा धरून ठेवायचं. कोण धरायचं हे ठरलेलं नव्हतं, पण जागा असायची. घरी शेजारच्या जिजी. माझा मुलगा शाळेतून थेट त्यांच्या चुलीपाशी जाऊन जेवायचा. त्यांनी पैसे कधी घेतले नाहीत. मी त्यांचे पोस्टाचे फॉर्म भरून द्यायची, मुलीच्या सासरहून आलेली पत्रं वाचून दाखवायची, आणि काही मजकूर, दोघींच्या संमतीने, त्यांच्या मुलांना वाचून दाखवायची नाही.

आमच्याकडे 'धन्यवाद' हा शब्द सभेच्या शेवटी, आभारप्रदर्शनापुरता. घरात तो कुणी म्हणत नाही. पण शेजारणीकडून आलेली वाटी रिकामी परत जात नाही. बिबड्या, कुरडया, लोणच्याची फोड, नाहीच काही तर चिमूटभर साखर. आज तुझी वाटी, उद्या माझी. यात कुणी वर नाही, कुणी खाली नाही. माझ्या मते कृतज्ञता ही एवढीच आहे. जी फक्त खालून वर जाते, ती ताबेदारी.

बहिणाबाई चौधरींचं नाव इथे निघणारच. आसोद्याच्या मातीतली ही बाई (१८८०-१९५१) लिहूवाचू शकत नव्हती. काम करता करता ती जे रचून म्हणायची ते मुलाने आणि नातलगाने उतरवून ठेवलं आणि तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, ते पुस्तकरूपाने आलं. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव दिलं गेलं. महिला दिनाच्या भाषणांत मात्र तिला समाधानी बाईचा नमुना म्हणून उभं करतात, याचा मला राग येतो. शेत, जातं, मोट, सुगरणीचा खोपा यांच्याकडे तिने प्रेमाने पाहिलं, ते स्वतःच्या हातांनी राबलेल्या बाईच्या नजरेने. 'मला राबू देता' म्हणून ती कुणाचे आभार मानत नाही.

आता खऱ्या दुखण्याकडे येते. पोळ्याला आम्ही बैलाला पुरणपोळी घालतो, एक दिवस त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. आखाजीला पितरांसाठी घागर भरतो. त्याच आखाजीला लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झोके बांधले जातात, आमरस होतो, लेकीला साडी मिळते. आणि कधीतरी, आमरस-पुरणपोळीचं जेवण झाल्यावर, भाऊ हळूच म्हणतो, "ताई, उद्या जरा तालुक्याला जाऊन येऊ, एक सही पाहिजे." ती सही हक्कसोडीची असते. बहीण करते. कारण आजवर माहेराने साड्या दिल्या, बाळंतपणं केली. त्याची फेड नको का करायला? एका साडीच्या कृतज्ञतेत काळी कसदार जमीन जाते.

माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, लग्न १९८८चं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. माझे वडील २००१ सालीच वारले होते. त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात हवेत की नकोत यावर वाद चालू राहिला. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला: हक्क मुलीला जन्मानेच आहे, वडील हयात असण्याची गरज नाही. आणि वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात तर १९५६च्या कायद्यापासून मुलीचा वाटा आहेच. भाऊ 'देतो' असा प्रश्नच येत नाही.

आपल्याच खानदेशातली एक गोष्ट यासाठी आठवते. १९९०च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. जिथे शंभर घरं हे करतील ते गाव लक्ष्मीमुक्ती गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला शंभराहून अधिक बायकांची नावं अशी जमिनीला लागली. नवऱ्याच्या मर्जीने मिळालेली जमीन म्हणजे पुन्हा त्याचेच उपकार, असा आक्षेप कुणीही घेईल आणि त्यात तथ्य आहे. नवऱ्याने तुकडा दिला म्हणून वारसाहक्काचा प्रश्न सुटत नाही. पण संघटनेने याला देणगी म्हटलं नाही, घरच्या लक्ष्मीचं कर्ज फेडणं म्हटलं. हा फरक मला फार मोठा वाटतो. स्वतःला कर्जात बुडालेला म्हणवणाऱ्या शेतकऱ्याला सांगितलं गेलं की तुझ्याही घरात तुझी एक सावकार आहे, तिच्या निंदणी-वेचणीचा हिशोब बाकी आहे. कर्ज परत मिळालं म्हणून सावकार पाया पडत नाही. आणि ही कृतज्ञता भाषणात राहिली नाही, सातबाऱ्यावर आली.

आम्ही दोघी बहिणींनी सही केली नाही. दोन आखाजी आम्हांला बोलावणं आलं नाही, धाकटी खूप रडली. आई असती तर कदाचित आम्ही वाकलो असतो. तिसऱ्या वर्षी भावाचा फोन आला. आता सातबाऱ्यावर आमची नावं आहेत, शेत तोच कसतो, आणि दरवर्षी गव्हाचं एकेक पोतं आमच्याकडे येतं. मी त्याच्याकडे पोतं रिकामं परत पाठवत नाही, जळगावची केळी भरून देते. यंदा गेले तेव्हा भावजय मला मागच्या पडवीत घेऊन गेली. दार लोटून घेतलं आणि विचारलं, "ताई, माझ्या माहेरच्या जमिनीचे उतारे काढायचे तर कोणकोणते कागद लागतात?"