नि:शब्द वेगापुढचा पादचारी

विजेवर चालणाऱ्या मोटारीचा विषय निघाला की घरोघरी पहिली शंका निघते ती आगीची. २०२२ साली देशात विद्युत दुचाकी पेटल्याच्या घटना घडल्या. त्यामुळे ही धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारने बॅटरीसंबंधीचे निकष कडक केले. मोटारीत बसणाऱ्यांपुरते बोलायचे तर चित्र आश्वासक आहे. जड बॅटरी तळाशी असल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो व ती उलटण्याचा संभव घटतो. २०२४ साली ‘भारत एनकॅप’च्या चाचण्यांत नेक्सॉन आणि पंच यांच्या विद्युत आवृत्त्यांना पाच तारे मिळाले.

परंतु सुरक्षितता केवळ आत बसणाऱ्याचीच मोजायची काय? इंजिनाचा आवाज ही पादचाऱ्याला आपोआप मिळणारी सूचना असते. दृष्टिहीनांचा तर तोच आधार. मंद गतीने जाणाऱ्या विद्युत मोटारीत ही सूचनाच लोपते. ब्रिटनमधील २०१३ ते २०१७ या काळातील अपघातांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्याच अंतराच्या प्रवासात पेट्रोल-डिझेल मोटारींच्या तुलनेत विद्युत व हायब्रिड मोटारींनी पादचाऱ्यांना धडक देण्याचे प्रमाण त्यात सुमारे दुप्पट आढळले. नीरवता हेच त्याचे एकमेव कारण असे ठामपणे म्हणता येत नसले, तरी हा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा सर्व नव्या मोटारींना मंद गतीत इशारा देणारी ध्वनियंत्रणा सक्तीची केली. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने तसा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये काढला, हे स्वागतार्ह होय. मात्र त्याचा रोख मोटारी, बस व मालवाहू वाहनांवर होता. आपल्या गल्लीबोळांतून सर्वाधिक फिरतात त्या विद्युत दुचाकी आणि ई-रिक्षा. त्यांना वगळून हा नियम पुरा कसा होणार? शिवाय कर्णकर्कश हॉर्नच्या कल्लोळात हा सौम्य ध्वनी ऐकू तरी येईल काय?

२०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर प्राणास मुकले. त्यांतील बहुतेकांना धडक बसली ती आवाज करणाऱ्या वाहनांचीच. तेव्हा यंत्रणेइतकेच मोकळे पदपथ, वेगमर्यादा आणि चालकाचा संयमही अगत्याचा आहे. धूर नाहीसा करणारे वाहन स्वागतार्हच. पण पायी चालणारा सुखरूप घरी पोहोचेल, तेव्हाच त्याला सुरक्षित म्हणता येईल.