सुट्टीआधी एक खोली लावताना

एप्रिलमध्ये पंधरा दिवस मी मुदखेडला घरी होतो. कंपनीचे काम दुपारी सुरू व्हायचे, सकाळ मोकळी असायची. गावातल्या एका शाळेतील बाईंनी विचारले, "स्पीच थेरपीची खोली सुट्टीआधी लावून घ्यायची आहे. मदतीला येता का?" मी लगेच हो म्हणालो.

त्याला कारण आहे. मी स्वतः अडखळत बोलणारा मुलगा होतो. 'ह' तोंडातून निघत नसे, म्हणून हजेरीला 'हजर' न म्हणता नुसता हात वर करायचो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत स्वतःचे नाव सांगायला लागलेला वेळ आजही आठवतो. लहानपणी माझ्यावर जे उपाय झाले ते असे : गळ्यात तावीज, जिभेखाली खडीसाखर आणि "घाबरू नको, हळू बोल" हा सल्ला. कुणाचा हेतू वाईट नव्हता. माहिती मात्र कुणालाच नव्हती.

ही खोली म्हणजे शाळेचे जुने भांडार. मोडके बाक, रिकामी पोती, गेल्या स्नेहसंमेलनाचे पुठ्ठ्याचे मुकुट आणि त्यातच कोपऱ्यात थेरपीचे सामान. विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात. अकरा मुले त्यांच्याकडे बसतात. कुणी अडखळते, कुणी बोबडे बोलते, दोघांना कमी ऐकू येते, एक मुलगी घराबाहेर बोलतच नाही.

आम्ही आधी सगळे बाहेर काढले. आत परत गेले ते थोडेच. शिक्षिका आणि मूल शेजारी बसून एकमेकांचे ओठ पाहू शकतील एवढा आरसा, दोन बुटकी स्टुले, चित्रांची कार्डे आणि आवाज घुमू नये म्हणून जाड सतरंजी. आमचे गाव जंक्शन. गाडीचा भोंगा वाजला की 'स' आणि 'श' मधला फरक ऐकणे अशक्य. म्हणून बसायची जागा रुळांकडच्या खिडकीपासून आतल्या भिंतीकडे नेली. मेणबत्त्यांचे खोके बाईंनी काढून टाकायला सांगितले. मेणबत्ती फुंकून उच्चार सुधारत नाही, ज्या आवाजाची अडचण आहे तो आवाजच बोलून घ्यावा लागतो, असे त्या म्हणाल्या. आरसा, सतरंजी, कागद, फाइली असा सगळा खर्च तीन हजारांच्या आत बसला.

हे सगळे जूनमध्ये का नाही केले, असे काहींनी विचारले. आमच्या क्षेत्रात कुणी लांब रजेवर निघाला की आधी हँडओव्हर लिहितो. काम कुठवर आले, काय अडले, पुढे काय करायचे. नाहीतर परत आल्यावर सगळे पहिल्यापासून. मुलांचेही तेच आहे. मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण सहा आठवडे शाळा बंद. महिनोन् महिने कमावलेला आवाज सराव नसेल तर या काळात निसटू शकतो. म्हणून प्रत्येक मुलाची एक पानाची नोंद केली. कोणता आवाज जमतो, कोणता नाही, घरी रोज दहा मिनिटे काय करायचे. या नोंदी कपाटात कुलपात राहतील. मुलांचे फोटो आणि नावे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाहीत, हेही ठरले. माझ्या मते खोली लावणे म्हणजे मुख्यतः हे. बाक कुणीही हलवू शकतो.

नोंदी द्यायला पालकांना बोलावले, तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. एका आईने हळूच विचारले, "भाई, घर में उर्दू बंद कर देऊं क्या? दो जबानां होने से बच्चा अटकता बोलते." तिला हे कुणी शिकल्यासवरल्या माणसानेच सांगितले होते.

आपा, हे खरे नाही. दोन भाषांमुळे मूल अडखळू लागत नाही, की त्याला वाचादोष जडत नाही. जगभरच्या वाचातज्ज्ञांचे यावर एकमत आहे. उलट आईने स्वतःची भाषा बंद करून मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला सुरुवात केली, तर मुलाचे गोष्टी, भांडणे, लाड हे सगळेच आटते. सराव आईच्या भाषेतच व्हायला हवा. शाळेची मराठी त्याच्या जोडीने येते.

तपासणीतही हीच चूक होते. आमची मुले 'वक्त' ला 'वखत' म्हणतात, 'शाळा' चे 'शाला' करतात. हे दोष नव्हेत. दखनीत 'क़' चा 'ख' होतो आणि 'ळ' तिच्यात नाहीच. तांड्यावरून येणारे मूल घरी गोरमाटी बोलते, त्याचीही मराठी त्याच्या वळणाची असणार. ही वळणे माहीत नसली की धड मूल दोषी ठरते, आणि ज्याला खरोखर मदत हवी त्याचे दुखणे 'घरची भाषाच तशी' म्हणून झाकले जाते. म्हणून आम्ही कार्डांवर दोन-दोन शब्द लिहिले : मांजर आणि बिल्ली, फणी आणि कंघी. एका कार्डावर हाताने 'नको' म्हणणारी मुलगी होती. तिथे 'नको' आणि 'नक्को' लिहिताना बाई हसल्या. दखनीचा 'नक्को' मराठीतूनच गेलेला. शेजार किती जुना आहे ते त्या एका शब्दात कळते.

आता समाजाशी थोडे बोलायचे आहे. मूल उशिरा बोलत असेल तर आधी कान तपासा. वाहणारा कान ही किरकोळ गोष्ट नाही. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होणे अपेक्षित आहे आणि तीत ऐकणे व बोलणेही येते. पथक येते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील 21 प्रकारांत वाचा आणि भाषा दोष आहे. शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करणे त्याच कायद्याच्या कलम 17 ने बंधनकारक केले आहे. म्हणजे ही खोली खैरात नाही, हक्क आहे. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून नोंद टाळणारे आईबाप तो हक्क आपणच सोडतात.

मुंबईत वांद्र्याला वाचा व श्रवण यांची राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. तिला नाव आहे अली यावर जंग यांचे. हैदराबादचे हे गृहस्थ पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आपला नांदेड जिल्हाही 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्या नावाचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्या संस्थेत शिकून आपल्या भागात परतणारी, दखनी समजणारी एखादी मुलगी तयार करणे अवघड आहे, आणि गरज तिची आहे. बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुलींना या शिक्षणाची वाट कुणी दाखवतो का?

हजरत मूसांची गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यांच्या जिभेला गाठ होती. ती सुटावी अशी दुआ आपण मुलांसाठी मागतो, जरूर मागावी. पण मूसांनी त्याच वेळी आणखी एक गोष्ट मागितली होती : सोबतीला भाऊ हारून. आपण दुआ उचलली आणि हारून विसरलो. माझ्या लहानपणी मला तावीज मिळाला, हारून मिळाला नाही.

दहा मिनिटे मुलाशेजारी बसणारी आई, मूल अडखळले तर वाक्य त्याच्याआधी पूर्ण न करणारा बाप, न हसणारा वर्ग आणि आठवड्यातून एकदा येणारी शिक्षिका, हे आजचे हारून. मशिदीला पंखा देणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. त्यातला एक पंखा या खोलीलाही लागतो, मात्र आवाज न करणारा.

मी पुण्याला परत निघालो त्या दिवशी खोलीला कुलूप लागले होते. अकरापैकी नऊ नोंदी घरी पोचल्या होत्या. उरलेल्या दोन बाई स्वतः नेऊन देणार होत्या. जूनमध्ये कुलूप उघडेल तेव्हा पहिल्याच दिवशी काम सुरू होईल. तुमच्या गावच्या शाळेत अशी खोली आहे का, हे सुट्टी लागायच्या आत एकदा जाऊन पाहा.