शेअरला हमीभाव नसतो!

कॉलेजच्या कट्ट्यावरची भाषा बदलली आहे. आधी दोन लेक्चरच्या मधात क्रिकेट, सिनेमा आणि कोणाचं कोणाशी जमलं एवढेच विषय असायचे. आता आलूबोंड्याच्या प्लेटभोवती 'कॉल घेतला', 'पुट काढला', 'आज एक्स्पायरी हाये ना भाऊ' असं ऐकू येतं. तरुण पोरं पैशाबद्दल बोलतात, ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्याकडे घरात पैशाबद्दल पोरांशी बोलायची पद्धत नव्हतीच. पण एक गोष्ट खटकते. ज्याला 'कॉल' आणि 'पुट' पाठ आहेत, त्याला 'शेअर म्हणजे काय?' असं विचारलं की तो अडखळतो. म्हणजे आपण पुस्तक शेवटच्या पानावरून वाचायला घेतलं आहे. आणि शेवटचं पान सगळ्यात महाग आहे.

माझं म्हणणं साधं आहे. बाजारात जरूर या, पण शब्द क्रमाने शिका. या क्रमातच नफा-नुकसानाचा अर्धा हिशोब दडलेला आहे.

बाजार आपल्याला नवा नाही

शेअर बाजार म्हणजे मुंबईच्या सूट-बुटातल्या लोकांचं काम, असं आपल्याला उगाच वाटतं. खरं तर मुंबईच्या शेअर बाजाराच्या पहिल्या मोठ्या तेजीमागे कापूस होता. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. त्यांनी मोर्चा हिंदुस्थानकडे वळवला. आपलं वऱ्हाड तेव्हाही कापसाचा मुलूख होतं आणि 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होतं. कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला.

त्या पैशाचं मुंबईने काय केलं? शेअर घेतले. समुद्र बुजवून जमीन तयार करणाऱ्या बॅक बे कंपनीचा 5 हजारांचा शेअर 50 हजारांच्या घरात गेला. लोक खिशात पैसे नसताना 'पुढच्या तारखेला देतो' म्हणून सौदे करू लागले. यातल्या बऱ्याच वायद्यांची तारीख होती 1 जुलै 1865. युद्ध मात्र त्याआधीच, एप्रिलमध्ये संपत आलं. कापूस कोसळला, शेअर कोसळले आणि तारीख आली तेव्हा कोणाकडेच द्यायला पैसे नव्हते. त्या काळचा बाजाराचा राजा प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाला. मुंबईचा राजाबाई टॉवर ज्याच्या देणगीतून उभा राहिला आणि ज्याच्या आईचं नाव त्याला आहे, तोच हा प्रेमचंद.

यात लक्षात ठेवण्यासारखी एकच गोष्ट आहे. कापूस खरा होता, त्याचा नफाही खरा होता. घरं बुडाली ती उसनवारीच्या वायद्यांनी. पुढे 1875 मध्ये दलालांनी मुंबईत रीतसर संघटना स्थापन केली. तीच आजची बीएसई.

मार्केट यार्डातून समजून घ्या

आता शब्दांकडे येऊ. कोणत्याही कोचिंग क्लासची गरज नाही. बाबांसोबत एकदा तरी मार्केट यार्डात गेला असाल, तर अर्धं काम झालेलं आहे.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा छोटासा तुकडा. दहा जणांनी मिळून जिनिंग फॅक्टरी काढली, तर प्रत्येकाचा एक हिस्सा. फॅक्टरी चालली तर हिस्स्याची किंमत वाढते, बंद पडली तर हिस्सा कागदाच्या मोलाचा. कंपनीने नफ्यातून भागधारकांना जो वाटा दिला, तो डिव्हिडंड. कंपनी पहिल्यांदा आपले शेअर सर्वसामान्यांना विकायला काढते, तो आयपीओ.

एक्स्चेंज, म्हणजे बीएसई आणि एनएसई, हे मार्केट यार्ड. तिथे हर्रास अखंड सुरू असतो. तुमच्या वतीने बोली लावणारा ब्रोकर म्हणजे अडत्या. तो अडत घेतो, ब्रोकर ब्रोकरेज घेतो. तुमच्या मोबाइलमधलं ॲप हाही अडत्याच, फक्त त्याला गादी-तक्क्या नाही. तुम्ही जितके जास्त सौदे कराल तितकी त्याची कमाई, हे विसरू नका. म्हणूनच ते ॲप दिवसातून चारदा टुणटुण करतं.

घेतलेले शेअर ज्या खात्यात राहतात, ते डीमॅट. हे तुमचं गोदाम. आणि यार्डात जसा चुकारा मिळतो, तसा शेअर विकल्यावर हिशोब होतो दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी. त्याला टी प्लस वन म्हणतात आणि 2023 च्या जानेवारीपासून सगळ्या शेअरना ते लागू आहे. कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या घरच्यांना हे सांगून पाहा, विश्वास बसणार नाही.

सेन्सेक्स म्हणजे 30 मोठ्या कंपन्यांचा आणि निफ्टी म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. यार्डात 'आज बाजार तेज आहे' म्हणतात, तेव्हा एकेका गाडीचा भाव सांगत नाहीत, एकूण कल सांगतात. तसंच हे. आणि सेबी म्हणजे बाजाराची राखणदार संस्था. 1992 पासून तिला कायद्याचे अधिकार आहेत.

आता सगळ्यात मोठा फरक. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 8,110 रुपये. बाजार पडला तर निदान सीसीआयच्या दारात उभं राहता येतं. रांग, ओलावा, कटकटी सगळं आलं, पण आधार आहे. शेअरला हमीभाव नसतो. 2008 च्या जानेवारीत 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 8 हजारांच्या खाली आला होता. त्यानंतर तो कितीतरी पट वाढला हेही खरं. पण ज्याने पुढच्या सेमिस्टरची फी त्यात टाकली असेल, त्याला ते 'त्यानंतर' काही कामाचं नाही.

एक गणित मात्र पाठच करा. 10 हजारांचे 5 हजार व्हायला 50 टक्के पडझड पुरते. त्याच 5 हजारांचे परत 10 हजार व्हायला 100 टक्के वाढ लागते. पडणं सोपं, चढणं दुप्पट कठीण.

भिशी आणि एसआयपी

आपल्या आया-काकूंची भिशी आठवा. दर महिन्याला ठरलेली रक्कम, न चुकता. एसआयपी ही सवयीने तशीच आहे. फक्त पैसा भिशीच्या डब्यात न जाता म्युच्युअल फंडात जातो. हजारो लोकांचा पैसा एकत्र करून एक जाणकार माणूस तो अनेक कंपन्यांत लावतो. फंडाच्या एका युनिटची त्या दिवसाची किंमत म्हणजे एनएव्ही. हा कारभार सांभाळायचा जो खर्च तुमच्या पैशातून दरवर्षी कापला जातो, तो एक्स्पेन्स रेशो. यार्डातली कट्टी समजा. आणि जो फंड स्वतःचं डोकं न लावता निफ्टीतल्या कंपन्याच जशाच्या तशा घेतो, तो इंडेक्स फंड. त्याची कट्टी सहसा कमी असते.

पण भिशीत नंबर लागला की ठरलेली रक्कम मिळते. एसआयपीत तशी खात्री नाही. महिन्याला 500 रुपये 10 वर्षं टाकले, तर भरलेले होतात 60 हजार. वर्षाला सरासरी 12 टक्के वाढ मिळाली तर त्याचे साधारण 1 लाख 16 हजार होतात, 6 टक्केच मिळाली तर साधारण 82 हजार. किती मिळेल ते आज कोणीच सांगू शकत नाही. जो सांगतो, त्याच्यापासून लांब राहा. अनेक फंडांत 500 रुपयांपासून आणि काहींत 100 पासूनही सुरुवात होते. म्हणजे 'आपल्याकडे पैसेच कुठे आहेत राजेहो' ही सबब चालणार नाही.

आणि आता ते शेवटचं पान

फ्युचर म्हणजे वायदा. आज भाव ठरला, व्यवहार पुढच्या तारखेला. पूर्ण पैसे भरायचे नाहीत, थोडी रक्कम अनामत ठेवायची. ती मार्जिन. नुकसान मात्र पूर्ण व्यवहारावर मोजलं जातं, मार्जिनवर नाही.

ऑप्शन समजायला प्लॉटचा इसार आठवा. 10 लाखांच्या प्लॉटला 20 हजार इसार दिला, मुदत एक महिना. भाव 12 लाख झाला तर तुमचा हक्क 10 लाखांतच, म्हणजे फायदा. भाव 9 लाखांवर आला तर तुम्ही सौदा सोडता आणि इसार बुडतो. हा झाला कॉल. ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क म्हणजे पुट. तो इसार म्हणजे प्रीमियम आणि मुदतीचा दिवस म्हणजे एक्स्पायरी. फरक इतकाच की इथे काही ऑप्शनची मुदत दर आठवड्याला संपते. भाव जागचा हलला नाही तरी प्रीमियम उन्हातल्या बर्फाच्या लादीसारखा विरघळत जातो.

वायदा म्हणजे पाप नाही. शेतकरी, व्यापारी, गिरणीमालक यांना भाव पडण्या-चढण्याची भीती असते, त्यातून वाचण्यासाठी तो तयार झाला. पण ज्याच्याकडे ना कापूस आहे ना शेअर, त्याचा वायदा हा निव्वळ अंदाजाचा खेळ उरतो. सोयाबीनचे वायदे सेबीने 2021 मध्ये थांबवले, तेव्हा आपल्याकडे त्याची चर्चा झाली होती. शेअर बाजारातले वायदे मात्र पोरांच्या खिशात येऊन बसले आहेत.

आकडे सेबीचेच आहेत. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या 93 टक्के सामान्य लोकांना तोटा झाला. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. तोट्यात गेलेल्यांची सरासरी माणशी सुमारे 2 लाख. आता आपल्या वयाकडे पाहा. या लोकांमध्ये तिशीच्या आतले 2022-23 मध्ये 31 टक्के होते, पुढच्याच वर्षी 43 टक्के झाले. चारपैकी तीन जणांचं उत्पन्न वर्षाला 5 लाखांच्या आत होतं. आणि तोटा झालेल्यांपैकी बहुतेकांनी खेळणं सोडलं नाही.

मग कमावतं कोण? मोठ्या वित्तसंस्था आणि परदेशी गुंतवणूकदार. त्यांचा जवळपास सगळा नफा कॉम्प्युटर प्रोग्रॅमने केलेल्या सौद्यांतून आला आहे. म्हणजे लायब्ररीच्या मागे उभं राहून तुम्ही जो कॉल घेता, त्याच्या दुसऱ्या टोकाला बहुधा एक मशीन बसलेली असते.

'शिकायची फी आहे भाऊ'

हे वाक्य फार ऐकू येतं. 'पहिले पैसे जातातच, ती शिकायची फी.' मला हे पटत नाही. फी भरल्यावर अभ्यासक्रम असतो, इथे फक्त बिल येतं. दुसरं, ही फी कोणाच्या पैशाची? वऱ्हाडातल्या किती घरांत पोराच्या खात्यावर येणारा पैसा पऱ्हाटीतून, तुरीतून निघतो, हे मी सांगायची गरज नाही. पाऊस, बोंडअळी आणि भाव या तिघांशी भांडून आलेला तो पैसा चौथ्या जुगारात लावायचा अधिकार आपल्याला नाही.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा मात्र खरा आहे. नोकऱ्या कमी, स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती लांबलेल्या, वय पुढे सरकतंय. अशा वेळी टेलिग्रामवर कोणी 'रोजचे 2 हजार' म्हणतो, तेव्हा मोह होणारच. हा मोह मूर्खपणाचा नाही, अडचणीचा आहे. पण अडचणीतल्या माणसालाच पहिला गंडवतात. टिप देणाऱ्याला त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सेबीच्या वेबसाइटवर तपासा. नव्वद टक्के गुरू तिथेच गायब होतील, असा माझा अंदाज आहे.

आणि घरच्यांनाही एक सांगणं आहे. 'शेअर म्हणजे जुगार' म्हणून विषय बंद करू नका. दार बंद केलं की पोरगं चोरून जातं, आणि चोरून जाणारा सरळ ऑप्शनमध्येच जातो. त्यापेक्षा त्याला 500 रुपयांची एसआयपी करू द्या आणि लाल आकडा कसा दिसतो ते पाहू द्या. कॉलेजांनीही मनावर घ्यावं. कॉमर्सच्या एका प्राध्यापकाने आर्ट्स-सायन्सच्या पोरांसाठी महिन्यातून एक तास दिला तरी पुष्कळ. सेबी आणि एनआयएसएमची गुंतवणूकदारांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा मोफत आहे. तिचा अभ्यास करायला कोणाची बंदी नाही.

माझा क्रम असा आहे. आधी शेअर, मग फंड, मग एसआयपी, मग दोन-तीन वर्षं बाजाराचं चढणं-पडणं अनुभवणं. त्यानंतरही वायद्याची हौस उरली, तर ती स्वतःच्या कमाईतून पुरवा. मला विचाराल तर तोवर बहुतेकांची हौस उतरलेली असेल. शेतात पेरल्यावर दुसऱ्या दिवशी उकरून पाहायचं नसतं, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. मोबाइलवर पेरताना तेवढं विसरू नका.