पहिल्या विमानाची तालीम

लखनौ विमानतळाच्या जवळ, सरोजिनी नगरात, मौलाना अली मियाँ यांच्या नावाचं हज हाऊस आहे. हजचा हंगाम आला की उत्तर प्रदेशच्या खेड्यापाड्यांतून निघालेले यात्रेकरू आधी इथे हजेरी लावतात आणि मग जेद्दा किंवा मदिनेचं विमान पकडतात. त्यांच्यात साठी-सत्तरीची माणसं पुष्कळ असतात. ज्यांनी आजवर विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलं, अशीही पुष्कळ. प्रवास सहा तासांच्या आसपासचा आणि सीट इकॉनॉमीची. तरी ही माणसं अगदीच नवखी म्हणून विमानात चढत नाहीत, कारण त्यांची तालीम झालेली असते.

यात्रेकरूंसाठी ठिकठिकाणी प्रशिक्षण शिबिरं भरतात. धार्मिक विधी हा तिथला मुख्य विषय, पण सामान किती न्यायचं, लस कधी टोचून घ्यायची, औषधं कोणत्या पिशवीत ठेवायची, हेही तिथेच कळतं. पुरुषांचा इहराम म्हणजे दोन न शिवलेली पांढरी कापडं. थेट जेद्दाला उतरणाऱ्यांची मीकातची हद्द, म्हणजे इहरामशिवाय पार करायची नसते ती रेषा, हवेतच ओलांडली जाते, त्यामुळे इहराम आधीच बांधून घेणं सोयीचं. विमानाच्या एवढ्याशा टॉयलेटमध्ये कपडे बदलणं म्हणजे कसरतच. इहरामला खिसा नसतो, म्हणून पासपोर्ट आणि पैसे कमरेच्या पट्ट्यात किंवा गळ्यातल्या पिशवीत जातात. या बारक्यासारक्या गोष्टी आधी कुणीतरी समोर बसवून सांगितलेल्या असतात. शिवाय सोबतीला राज्याने नेमलेले हज निरीक्षक असतात.

आता त्याच लखनौतल्या गोमतीनगरचे, किंवा आपल्या कोथरूडचे, धरमपेठेतले आई-बाबा घ्या. शिकलेली, बँकेत नाहीतर शाळेत नोकरी करून निवृत्त झालेली माणसं. मुलगी न्यू जर्सीत बाळंत होणार आहे आणि आयुष्यातला पहिला विमानप्रवासच सोळा तासांचा आहे. त्यांची तयारी म्हणजे मेलवर आलेलं तिकीट आणि व्हॉट्सॲपवरच्या चार व्हॉइस नोट. शिक्षण जास्त म्हणून यांना सांगायची गरज कमी, असं आपण गृहीत धरतो. हे गृहीतकच चुकीचं आहे.

लखनौच्या नव्या ‘टर्मिनल 3’चं उद्घाटन मार्च 2024 मध्ये झालं. चकचकीत आहे. पण तिथून आखातात जाता येतं, बँकॉकला जाता येतं. युरोप-अमेरिकेला थेट जाता येत नाही. म्हणजे दिल्लीत, मुंबईत नाहीतर दुबईत विमान बदलणं आलं. त्यात 24 एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत व्हिएन्नाला थांबावं लागलं. आधी कुणी सांगितलं नसेल, तर असा थांबा आला की पहिल्यांदा निघालेला माणूस उठून बॅग काढायला लागतो.

सीटबद्दल तक्रार करण्यात अर्थ आहे, पण ती सीट इतक्यात रुंदावणार नाही. बोइंगने ड्रीमलायनर आखलं तेव्हा इकॉनॉमीच्या एका रांगेत आठ सीट धरल्या होत्या. बहुतेक कंपन्यांनी नऊ बसवल्या. दोन रांगांमधलं अंतर साधारण 31-32 इंच. अमेरिकेच्या संसदेने 2018 मध्ये सीटची किमान मापं ठरवायला सांगितलं, 2022 मध्ये तिथल्या विमान वाहतूक खात्याने लोकांची मतं मागवली, 26 हजारांवर हरकती-सूचना आल्या, आणि मापं काही ठरली नाहीत. तेव्हा आहे त्या जागेत कसं बसायचं, हाच प्रश्न उरतो.

लखनौ-मुंबई पुष्पक एक्स्प्रेस जवळजवळ चोवीस तास घेते. नाव विमानाचं, धावते रुळांवर. तरी ती सोसते, कारण बर्थवर आडवं होता येतं, दारापर्यंत फेरी मारता येते, भोपाळला चहा पिता येतो. विमानात तास कमी, पण शरीर एका कोनात अडकलेलं. त्यातून येणाऱ्या, पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याच्या धोक्याला 1977 मध्ये दोन डॉक्टरांनी इकॉनॉमी क्लासचं नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट म्हटलं की घाबरायला होतं. पण निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच आहे, आणि बस-रेल्वेत तासन्‌तास बसून राहणाऱ्यालाही तो आहे. उपाय सगळ्यांना पाठ असतात: पाणी प्या, मधून मधून उठा, पोटऱ्या हलवा. ज्यांना आधी गाठ झाली आहे किंवा नुकतंच ऑपरेशन झालं आहे, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

मग हे उपाय होत का नाहीत? कारण गाडी टॉयलेटच्या दारापाशी अडते. ते दार बाहेर ओढायचं नसतं. मधोमध दाबलं की घडी होऊन आत जातं. कडी सरकवल्याशिवाय पुरता उजेड होत नाही. फ्लशचा आवाज दचकवतो. बहुतेक विमानांत पाण्याचा जेट नसतो, त्यामुळे सोबत रिकामी बाटली किंवा प्लास्टिकचा ग्लास न्यावा, हे आईला सांगायला मुलाला संकोच वाटतो. एकदा फजिती झाली की माणूस ठरवतो, आता जायचंच नाही. जायचं नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, आणि पाणी प्यायचं नाही म्हणून उठायचंही नाही. केबिनमधली हवा आधीच कोरडीठाक. त्यात मुलांनी हौसेने खिडकीची सीट घेतलेली असते. झोपलेल्या दोन परक्या माणसांना उठवून बाहेर पडणं आपल्याकडच्या भिडस्त बाईला सोळा तासांत एकदाही जमत नाही. आई-बाबांना वाटेकडचीच सीट द्यावी, जास्तीचे पैसे पडले तरी. ढग काय, मुलं फोटोतही दाखवू शकतात.

जेवणाचंही तेच. विमान कंपन्यांच्या यादीतलं ‘हिंदू मील’ शाकाहारी असेलच असं नाही. त्यात बहुधा चिकन किंवा मटण असतं. शाकाहारी माणसाने ‘एशियन व्हेजिटेरियन’ निवडायचं, आणि तेही साधारण चोवीस तास आधी नोंदवायचं. नावावर विसंबून उपाशी राहिलेल्यांना डब्यातल्या दशम्या तारतात.

या सगळ्या अज्ञानावर आपण एक तोडगा शोधून काढला आहे: व्हीलचेअर. आई रोज सकाळी तासभर चालते, तरी तिच्या तिकिटावर व्हीलचेअर मागवलेली असते. तिला पाय साथ देत नाहीत म्हणून नव्हे, तर पाट्या वाचून गेट सापडेल आणि इमिग्रेशनवाल्याला इंग्रजीत उत्तर देता येईल, याची खात्री नसते म्हणून. खुर्ची ढकलणारा माणूस हा तिचा वाटाड्या. तिला दोष देण्यात हशील नाही. वाटाड्या मागायची दुसरी सोय आपण ठेवलेली नाही. पण त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागू शकते. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना खुर्ची मिळाली नाही. एकच मिळाली, ती पत्नीला दिली, स्वतः चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. एअर इंडियाला 30 लाखांचा दंड झाला. चूक कंपनीची ठरली आणि ते योग्यच; पण खुर्च्यांच्या रांगेत नुसत्या सोबतीसाठी बसलेली माणसं असतात, तोवर हा तुटवडा संपायचा नाही.

लखनौचाच अंतराळवीर शुभांशु शुक्ला जून 2025 मध्ये अवकाश स्थानकाकडे निघाला, तेव्हा तिथे पोचायला सुमारे 28 तास लागले. कुपीत चौघं, पाय पसरायला फारशी जागा नाही. सोबत गाजराचा हलवा आणि आमरस होता, आणि आपण बराच वेळ झोपतोय, असं त्याने हसत सांगितलं. त्याच्या या निवांतपणामागे रशियात आणि अमेरिकेत झालेलं काही वर्षांचं प्रशिक्षण होतं. सत्तरीच्या आईसाठी एक सकाळ पुरे.

ही सकाळ कोण देणार? मराठी टूर कंपन्या सहलीआधी मीटिंग घेतात, पण ती त्यांच्या गिऱ्हाइकांपुरती. मुंबई आणि नागपूर इथूनही हजची विमानं सुटतात, म्हणजे सामान्य माणसाला पहिल्या विमानासाठी तयार करणारे अनुभवी प्रशिक्षक आपल्याकडेही आहेत. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी त्यांना बोलवावं. विमानतळाने गेट, सिक्युरिटी आणि इमिग्रेशनचा रस्ता एकदा चालवून दाखवावा. विमान कंपनीने सीट, पट्टा आणि ते घडीचं दार. बहुतेक आई-बाबा एप्रिल-मेमध्ये निघतात, तेव्हा हे शिबिर फेब्रुवारीतच व्हायला हवं. वाटेकडची सीट, जेवणाची नोंद, विमा आणि दोन महिन्यांच्या औषधांची चिठ्ठी, यातलं काहीही आदल्या रात्री बॅग भरताना धडपणे होत नाही.