बक्षीसपत्राची घाई नको

गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला असा, की हयातीतच फ्लॅट मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकावा. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये. आकडा बरोबर आहे (अधिभार वेगळा लागतो, ते सांगायचे राहिले). सल्ला मात्र धोक्याचा.

रेमंडचे विजयपत सिंघानिया यांनी २०१५ मध्ये कंपनीतला ३७ टक्के हिस्सा मुलाला दिला. २०१७ मध्ये त्यांना घरासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली असे हस्तांतरण रद्द होऊ शकते, पण सांभाळाच्या अटीवर दिले असेल तरच. ती अट सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये बजावले. मृत्युपत्र मात्र शुद्धीत असेपर्यंत कधीही बदलता येते. नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार हवेत.

स्मृतिभ्रंशाचा तर पत्रात उल्लेखच नाही! मुखत्यारपत्र केले की निर्धास्त, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात देणाऱ्याचे भान हरपले की १८७२ च्या करार कायद्यानुसार ते संपते आणि खात्यात पैसे असूनही आयाबाईंचा पगार अडतो. त्यापेक्षा ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे संयुक्त खाते आधीच उघडलेले बरे.

– एक वाचक, ठाणे